धुक्यासाठी सोडलेली जागा

माझं दुकान म्हणजे खानापूर स्टँडमागं एक पत्रा,
त्याखाली चार डबे, टर्पेंटाईनची बाटली,
आणि वाळत घातलेल्या नंबरप्लेटी.
दिवसभर अक्षरं.
कन्नडचं वळण मनगटातून येतं, मराठीचं कोपरातून.
हे कुणी शिकवलं नाही,
संध्याकाळी हात कुठं दुखतो त्यावरून कळलं.

अक्षरं संपली की उरल्या रंगात चित्रं.
वही म्हणजे वखारीतलं जुनं आवकबुक,
पानाच्या एका अंगाला पोत्यांचे आकडे,
दुसरं अंग माझं.

नवरात्राच्या तोंडावर रताळ्यांचा ढीग काढला.
तो रंग डब्यात मिळत नाही.
मष्णू कुंभाराच्या आव्यावरनं फुटकं कौल आणलं,
पाट्यावर उगाळलं, जांभळ्यात मिसळलं.
बायको म्हणाली, चटणीला आता विटेचा वास.
रताळी मात्र जमली.
माती लागलेली, शेपटी तुटलेली,
हमालानं पाय दिलेलं एक.

लावणीच्या दिवसांत नंदगडच्या वाटेवर थांबलो.
चिखलात वाकलेल्या नऊ बायका,
नऊ पाठींवर युरियाच्या पोत्यांच्या खोळा,
आणि कंपनीचं नाव डोकं खाली, पाय वर.
सवयीनं मी आधी नावच काढलं, नीट, फटीसकट.
बाया काढायला गेलो तोवर
त्या जेवायला बांधावर.
पानावर नुसतीच उलटी अक्षरं उभी आहेत गुडघाभर पाण्यात.

चैतात मलप्रभा एवढी बारीक
की ब्रशच्या एका ओढीत संपली.
उरलेल्या पानावर धुणं वाळत टाकलं:
दोन लुगडी, एक खाकी चड्डी,
गुलालाचे डाग न गेलेला सदरा.
पलीकडच्या पानावर फणस,
दामले मास्तरांच्या कुंपणावरनं बाहेर लोंबणारा,
ज्याच्यावर तीन घरांचा डोळा.

पण खरं सांगायचं ते मल्लव्वाचं.
मार्गशीर्षात पहाटे ती स्टेशनच्या रस्त्याला बसते,
मिरचीची बुट्टी, शेजारी तागडी, मागं धुकं.
तीन थंड्या मी तिला पाठीकडनंच काढलं.
पुढनं गेलो तर पदर सारखा करेल, ताठ बसेल,
आणि मग ती मल्लव्वा नव्हे, फोटो होईल.
धुकं काढायचं नसतं, सोडायचं असतं.
एवढा कोरा कागद राखायचा
म्हणजे हात धरून ठेवावा लागतो,
पाटी रंगवणाऱ्याच्या हाताला ते फार जड.
तिसऱ्या वर्षी जमलं.

तेवढ्यात तिनं मान वळवली.
"काय काढूलास गा, पेंटर?"
वही दिली.
तिनं ती लांब धरली, जवळ धरली, आडवी केली.
"नन मारी यल्लैति?"
माझं तोंड कुठाय?
मी म्हटलं, धुक्यात आहे.
ती पानाकडं बघत राहिली, मग वरच्या अंगाकडं.
"आन हे एवढं कोरं कशाला सोडलास?"

उत्तर द्यायच्या आत गिऱ्हाईक आलं,
लोंढ्याची गाडी फलाटाला लागत होती, त्याला घाई.
तिनं ते कोरं फाडलं, सरळ, नखानं रेघ मारून,
त्यात पावशेर मिरची बांधली,
वर दोन जास्तीच्या घातल्या.
तीन थंड्यांचं माझं धुकं
असं गाडीत बसून गेलं.

चित्र तिनं परत दिलं. पैसे घेशील काय, विचारलं.
मी नको म्हटल्यावर
मूठभर मिरच्या वहीवर ठेवल्या.

आता ते पान उघडलं की
मल्लव्वाची पाठ आहे, बुट्टी आहे, तागडी आहे,
आणि वर खिडकीएवढं भोक.
त्यातनं मागच्या पानावरचा
चैतातला फणस दिसतो,
थेट तिच्या डोक्यावर लोंबणारा.
दर वेळी तोंडावर येतं,
जरा सरक गे बाई.